गाळलेली नावं

दुपारी हे बोलू लागले की मी आधी खिडक्या लावते. मग स्वयंपाकघरात जाऊन ग्राइंडर सुरू करते. भिजवलेलं काही नसलं तरी मूठभर तांदूळ आणि पाणी घालून दगड नुसता फिरत ठेवते. मद्रासच्या वेलचेरीतल्या आमच्या ह्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत. वरच्या मजल्यावर कुणी शिंकलं तरी आमच्याकडे ऐकू येतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी परवा मला जिन्यात गाठलं आणि म्हणाल्या, "मामी, रोज दुपारी काय वाटता? हॉटेल काढलंत की काय?" मी हसले. पाठीवरून घाम ओघळत होता.

हे काय बोलतात ते मला समजत नाही. इंग्रजीत बोलतात. एका लयीत, मधेच 'कॉमा' म्हणत, वाक्य संपलं की 'फुलस्टॉप' म्हणत. सकाळी ह्यांना आंघोळ घालायला सेल्वी येते. एकदा तिला उशीर झाला आणि दुपारचं ह्यांचं बोलणं तिच्या कानावर पडलं. तिला वाटलं अय्या, म्हणजे घरचे मालक, मंत्र म्हणतात. जाताना तिने दारातून हात जोडले. मी तिला काही सांगितलं नाही. इंग्रजी वाक्य मला कळत नसलं तरी त्यात एखादं नाव आलं तर ते मला लगेच कळतं. घास चावताना खडा लागावा तसं. आणि ह्यांच्या बोलण्यात आता नावं येऊ लागली आहेत.

हे संपादक होते. गोष्टीकवितांचे नाही, कोर्टाच्या निकालांचे. पॅरीज कॉर्नरहून आत जाणाऱ्या एका अरुंद गल्लीत एक प्रेस होती, तिथे हायकोर्टाचे निकाल छापून त्यांचे अंक निघत. सगळेच निकाल छापत नसत. पुढच्या खटल्यात वकिलांना दाखला म्हणून उपयोगी पडतील असे हे निवडायचे, प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक अक्षरात सार लिहायचे, आतले जुने दाखले पडताळायचे, प्रूफं तपासायचे. वर्षाचे अंक एकत्र बांधून जाड पुस्तकं होत. तपकिरी पाठ, तिच्यावर तांबडी पट्टी, पट्टीवर सोनेरी अक्षरं. ह्यांचं नाव आत कुठेतरी लहान अक्षरात असे. ते दाखवायलाही ह्यांना संकोच वाटायचा.

गेल्या आठवड्यात माळ्यावरून गादी काढताना जुन्या प्रूफांची एक गुंडाळी हाती लागली. पुराच्या वर्षी तळमजल्यावर ठेवलेली पुस्तकं सगळी भिजून फुगली आणि गेली, पण ही गुंडाळी कशी कोण जाणे वर राहिली होती. लांबच लांब कागदाच्या पट्ट्या, कडांना पिवळ्या, हाताला खडबडीत. नाकाशी नेली आणि तो वास आला. छपाईची शाई, रॉकेल आणि खळ ह्यांचा मिळून एक वास असतो. आंबट, गरम, थोडा लोखंडासारखा. मला लग्नानंतरचं पहिलं वर्ष त्या वासाने आठवतं. दुसऱ्या बायकांना मोगरा आठवत असेल.

मी सांगलीकडच्या खेड्यातली. चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा नदीपलीकडे होती. स्थळ इतक्या लांबचं कसं आलं ते राहू दे. मद्रासला उतरले तेव्हा मला घाम, समुद्राचा वारा आणि भाषा ह्या तिन्हींची सारखीच भीती वाटली. सासरची माणसं मराठीच बोलत, पण ती तंजावरची जुनी मराठी. निम्मे शब्द तमिळ, सूर सगळा तमिळ. सासूबाई काही बोलल्या की मी आधी त्यांच्या तोंडाकडे पाही, मग हाताकडे, आणि हात जिकडे दाखवेल ते भांडं उचलून देई. तिरुवल्लिकेणीतल्या एका अरुंद गल्लीत आमचं घर होतं. सकाळी दारापुढे रांगोळी, दुपारी सगळं चिडीचूप, आणि तीन-साडेतीनला समुद्रावरचा वारा सुटला की दोरीवरचे कपडे एकदम जागे झाल्यासारखे फडफडत.

त्या गल्लीत एक मुलगी राहत होती. माझ्याहून थोडी मोठी. आमच्यातलीच, म्हणजे तंजावरच्या मराठी घरातली. तिचं नाव मी लिहिणार नाही. ही वही कुणी वाचणार नाही हे मला माहीत आहे, तरी नाही. सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणते.

अक्का उंच होत्या, एका कंपनीत टायपिस्ट होत्या, आणि फार मोठ्याने हसत. त्या गल्लीच्या टोकाला हसल्या की सासूबाई इकडे म्हणत, "आली वाटतं." मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात पकडलं. "काय गे, तुला तोंड आहे का नुसतं कुंकू लावायला कपाळ आणलंस?" मी घाबरून मान हलवली. कशाला हलवली ते मलाही कळलं नाही. त्या इतक्या हसल्या की त्यांच्या वेणीतला कनकांबरांचा गजरा सुटला.

तमिळ मला त्यांनी शिकवली. भाजीवालीशी भांडायची, देवळातल्या गुरुजींशी बोलायची, रिक्षावाल्याला हाकलायची अशी तीन वेगवेगळी. आणि बसस्टॉपवर उभ्या राहिलो की इंग्रजी अक्षरं. बसच्या नंबरापुढे अक्षर असे. "ती बघ, तिच्या पोटावर काय आहे? डी. पोट पुढे आलेला तो डी. ही बी, हिला दोन पोटं." मी अक्षरं अशी शिकले. छोटी अक्षरं त्यांनी एका शिंप्याच्या पाटीवरून शिकवली. शिंपी रोज बाहेर येऊन विचारायचा, कपडे शिवायचेत का. अक्का म्हणायच्या, "शिवायचेत, पण आधी तुझी पाटी वाचून होऊ दे."

मग एका वर्षी त्या दिसेनाशा झाल्या. तंजावरला आत्याकडे गेल्या असं कळलं. गल्लीत त्यावर कुणी काही बोललं नाही. न बोलण्याचाही एक आवाज असतो. बायका नळावर एकमेकींना घागरी देत, आणि मी गेले की घागरींचाच आवाज येई.

त्याच सुमारास ह्यांच्या डोळ्यांना त्रास सुरू झाला. प्रेसमधून प्रूफं कापडी पिशवीत घरी येत. दुपारी जेवण झालं की हे पुढच्या खोलीत चटईवर उतरतं मेज घेऊन बसत आणि मोठ्याने वाचत. कॉमासकट, कंसासकट. मी आतून ऐकत तांदूळ निवडत असे. एक दिवस त्यांनी हाक मारली.

"अगं, तुला इंग्रजी अक्षरं येतात म्हणे?"

मला वाटलं चूक झाली. अक्कांकडून शिकले हे घरात सांगितलं नव्हतं.

"नुसती अक्षरं," मी दारातूनच म्हणाले. "अर्थ नाही येत."

"अर्थ नकोच आहे," हे म्हणाले. "अर्थ न कळणारंच कुणी हवंय मला."

त्यांनी कागदाच्या तुकड्यावर एक शब्द लिहिला आणि प्रूफाची पट्टी माझ्यापुढे ठेवली. "हा शब्द ह्यात कुठे कुठे आहे ते बोटाने दाखव. मोठ्याने वाचायचा नाही. नंतर कुणाला सांगायचा नाही. झोपेतसुद्धा नाही."

शेवटचं ते गमतीने बोलले असतील. मी मात्र कित्येक वर्षं कुशीवर, उशीत तोंड खुपसून झोपले.

न्यायमूर्तींचा शब्द आपला नाही, असं हे म्हणत. त्याला हात लावायचा नाही, त्यांचा कॉमाही इकडचा तिकडे करायचा नाही. आपल्या हाताने काढायची अशी एकच गोष्ट. एखाद्या बाईवर अत्याचार झालेला असला की तिचं नाव. तिच्या बापाचं नाव, गावाचं नाव, ती ओळखू येईल असं जे काही असेल ते. त्या जागी एखादं सुटं अक्षर घालायचं. हे पुस्तक शंभर वर्षं वकिलांच्या कपाटात राहणार, म्हणायचे, त्यात ती मुलगी कशाला अडकून पडायला हवी. आणि दहा ठिकाणी काढून अकराव्या ठिकाणी राहिलं तर सगळं फुकट. त्या अकराव्या जागेची भीती ह्यांना होती. ती भीती त्यांनी मला दिली, आणि मी ती नीट सांभाळली.

तांदूळ निवडतात तशी मी ओळीवरून बोट फिरवायची. शब्द कळत नव्हते, त्यामुळे डोळा अडकत नव्हता. आणि मग ते नाव यायचं. बोट थांबायचं. ह्या ओळीत ती काय करतेय, कुठे उभी आहे, रडतेय का, मला काही कळत नसे. फक्त ती तिथे आहे हे कळे. हे तांबड्या शाईने रेघ मारत आणि मी पुढे सरके.

काम झालं की तो तुकडा आणि नाव असलेली सगळी प्रूफं दुसऱ्या दिवशी पहाटे बंबात जात. घरातले बाकीचे जुने कागद फडताळात अंथरायला वापरत, पण हे नाहीत. मी स्वतः घालायची. शाई जळताना ज्योत जरा हिरवी होई. त्या दिवशीच्या आंघोळीच्या पाण्याला एक वास असे. सासूबाई म्हणत, "आज पाण्याला कसला गे वास येतो?" मी म्हणे, लाकूड ओलं होतं.

वर्षाचे ऋतू मला त्या कामावरून आठवतात. ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या पावसात प्रूफं दमट येत, शाई बोटाला लागे, आणि कुणाचं तरी नाव माझ्या बोटावर उमटलंय असं वाटून मी हात राखेने घासायची. मार्गळीत, म्हणजे धनुर्मासात, पहाटे देवळातून भजन ऐकू येई, दाराशी भोपळ्याचं फूल लावलेली रांगोळी, आणि मी बंबापुढे बसून कागद सारायची. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी लागे. तेव्हा पिशवी यायची नाही. गल्लीतले सगळे उन्हाला शिव्या देत, मुलं घामोळ्यांनी रडत. मी ताडगोळे सोलत बसायची आणि मला वाटायचं, हा महिना संपू नये. त्या महिन्यात कुठल्याच मुलीला काही झालेलं नसायचं. निदान आमच्या घरापर्यंत ते आलेलं नसायचं.

आमच्या मुलीच्या बारशाला नाव ठरेना. सासूबाई एक नाव सुचवत, हे गप्प राहत. नणंद दुसरं सुचवी, हे गप्प. मी त्यांच्याकडे पाहिलं की मला आठवे, हो, हे येऊन गेलंय. गोड, साधी, घराघरांतली नावं, आणि आमच्या दोघांना एकही उच्चारता येईना. शेवटी पणजीचं नाव ठेवलं, गोदावरी. मुलगी अजून फोनवर भांडते. "अम्मा, वर्गात सगळ्या प्रिया आणि दिव्या, आणि मी गोदावरी! काय विचार करून ठेवलंत?" मी म्हणते, जुनं नाव चांगलं असतं. काय सांगू?

अक्का तंजावरहून परत आल्या तेव्हा बारीक झाल्या होत्या. नोकरी सुटली होती. तरी दारात उभ्या राहून मला म्हणाल्याच, "काय गे, पोरगी झाली म्हणे. तोंड तिला तरी दिलंस का?" हसल्या, पण गल्लीच्या टोकापर्यंत नाही. मला फार आनंद झाला होता. आता पुन्हा बसस्टॉपवर जाऊ, असं मी म्हणालेही. त्या नुसतं हूं म्हणाल्या.

त्यानंतर वर्षभराने असेल, एका दुपारी ह्यांनी कागदाचा तुकडा माझ्यापुढे सरकवला. नेहमी हातात देत, त्या दिवशी सरकवला. मी अक्षरं लावली. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. बसच्या पोटावर पाहून शिकलेली. मग आडनाव, जे मद्रासमध्ये मोजक्याच घरांचं. मग बापाचं नाव. मान वर करायची माझी हिंमत झाली नाही. ह्यांनीही केली नाही. पंखा फिरत होता, पितळी वजनाखाली कागद फडफडत होता. मी बोट ठेवलं पहिल्या ओळीवर.

ते सगळं प्रूफ माझ्या बोटाखालून गेलं. अक्का पानापानांत होत्या. मी एकेक जागा दाखवली आणि ह्यांनी एकेक रेघ मारली. दोनदा तपासलं, मग तिसऱ्यांदा हे म्हणाले, "परत एकदा." पहाटे बंबात कागद घातले तेव्हा मी दाराला कडी लावून घेतली होती.

आम्ही दोघं त्याबद्दल कधीही बोललो नाही. पण त्या दिवसापासून मला अक्कांची भीती वाटू लागली. त्यांची म्हणजे माझ्या तोंडाची. नवरात्रात बाहुल्यांचा कोलू मांडला की बायका हळदीकुंकवाला येत. अक्कांना कुंकू लावताना मी नजर इतकी खाली ठेवली की ते नाकावर सांडलं. "मी काय खाते का गे तुला?" त्या म्हणाल्या. मी हरभऱ्याची सुंडल आणायला आत गेले आणि आतच राहिले. पुढे त्या समोरून आल्या की मी गल्ली बदले. घरी आल्या की मला धुणं असे. मद्रासमध्ये मला एक मैत्रीण मिळाली होती, तिला मी अशी हळूहळू घालवली. त्यांना वाटलं असेल, गोष्ट माझ्या कानावर आली आणि मी विटाळ धरला. ते तसं नव्हतं हे सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि तोंड उघडायचीच तर भीती होती. मग त्यांचं लग्न होऊन त्या कोइमतूरला गेल्या. मी लग्नात सगळ्यांत मागे बसले होते.

आता हे सगळं विसरले आहेत. गोदावरीला ओळखत नाहीत. कॉफी प्यायलो हे पाच मिनिटांत विसरतात आणि पुन्हा मागतात. मला कधी आई समजतात, कधी प्रेसमधली कुणी. पण दुपार झाली, वारा सुटला की ताठ बसतात आणि वाचू लागतात. हातात काही नसतं. जे वाचतात ते छापलेलं नाही, त्याच्या आधीचं. रेघ मारायच्या आधीचं. जन्मभर ज्यांनी नावं गाळली त्यांच्या डोक्यात ती सगळी जिथल्या तिथे राहिली आहेत, आणि दारावरचा माणूस तेवढा निघून गेला आहे.

दोन आठवड्यांपूर्वी अक्कांचं नाव आलं. मी दोसा उलटत होते. तो तसाच तव्यावर टाकून मी खिडक्या लावायला धावले.

आणि चार दिवसांनी फोन आला. अक्का आता वेलचेरीतच मुलाकडे राहायला आल्या आहेत, स्टेशनच्या पलीकडच्या इमारतीत. नवरा गेला. सून पुण्याची आहे, नेहा, कॉम्प्युटरवर काम करते. "ऐकलं, तुझ्या नवऱ्याला बरं नाही. रविवारी येतो आम्ही दोघी."

"नको, म्हणजे, अक्का, हे झोपतात दुपारी."

"मग झोपलेले बघू. काही बिघडत नाही."

"घरात पाणी नाहीये. टँकर..."

"परवाइल्ले, असू दे. आम्ही घरून पिऊन येऊ." आणि तोच हसण्याचा आवाज. मी फोन ठेवला आणि खुर्चीवर बसले.

रविवारपर्यंत मला नीट जेवण गेलं नाही. ह्यांना सकाळीच झोपेची गोळी द्यावी असं मनात आलं. गोळी हातात घेतली आणि परत डबीत टाकली. अक्कांच्या मुलाला, सुनेला काहीही माहीत नसणार. नातवंडं असतील. इतकी वर्षं जे नाव एका अक्षरामागे लपलं होतं ते माझ्या घरात, माझ्या माणसाच्या तोंडून, त्यांच्या सुनेपुढे उघडं पडणार. आणि ती मुलगी इंग्रजीच जास्त बोलणारी. तिला एकूणएक शब्द कळेल. मी काय करणार होते? ह्यांच्या तोंडावर हात ठेवणार होते?

त्या आल्या. केस सगळे पांढरे, गुडघा धरून चालतात, पण उंची तीच. नेहाने वाकून नमस्कार केला. "काकू, आई तुमच्याबद्दल सांगतात. म्हणतात, माझी एक विद्यार्थिनी होती, अक्षरं शिकली आणि पळून गेली."

मला हसता आलं नाही. ह्यांना खुर्चीत बसवलं होतं. ते पाहुण्यांकडे पाहत होते आणि काहीच ओळख नव्हती. वारा सुटायची वेळ झाली होती. मी कॉफी आणते म्हणून आत गेले आणि ग्राइंडर सुरू केला.

"अगे, तो दगड बंद कर!" अक्का बाहेरून ओरडल्या. "पाहुणे आल्यावर पीठ वाटतं का कुणी? काय बोलतात ते ऐकू येत नाही."

मी बंद केला. दगड दोन फेरे आपोआप फिरला आणि थांबला. आणि त्या शांततेत ह्यांचा आवाज स्पष्ट आला. स्वच्छ, प्रेसमधला, चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज. मी कॉफीचे पेले-डबरे घेऊन दारात आले तेव्हा नाव येऊन गेलं होतं. बापाचंही. आता गावाचं येत होतं.

नेहाने फोनवरून डोळे वर केले. "आई... काका तुमचं नाव घेतायत. आणि तुमच्या अप्पांचं. हे काय म्हणतायत ते? कोर्टातलं काहीतरी आहे."

मी म्हणायला गेले की त्यांना भ्रम होतो, काहीही बोलतात. माझ्या तोंडातून वेळेवर शब्द कधीच निघाला नाही.

अक्का ह्यांच्याकडे पाहत होत्या. चेहरा असा झाला होता की तो रागाचा आहे की कशाचा मला सांगता येईना.

"घेऊ दे," त्या म्हणाल्या. "माझंच आहे. माझा निकाल आहे तो."

"तुमचा?"

"माझा. तू आली नव्हतीस, तुझा नवरा जन्मला नव्हता, तेव्हाचा. बस तू. खाली बस. सांगते नंतर सगळं."

नेहा जमिनीवरच बसली, त्यांच्या पायाशी. अक्कांच्या गुडघ्यावर तिने हात ठेवला, तो तसाच राहिला.

"निकालाच्या दिवशी अप्पा एकटे गेले," अक्का म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या की सुनेशी, कळेना. "परत आले ते म्हणाले, संपलं. जिंकलो की हरलो तेसुद्धा मला दोन दिवसांनी आईकडून कळलं. कागद कधी दाखवला नाही. लग्नानंतर कोइमतूरला एका लायब्ररीत जाऊन ती तांबड्या पट्टीची पुस्तकं काढली मी. इंग्रजी येत होतं ना मला. म्हटलं, माझ्याबद्दल काय लिहिलंय ते मला तरी कळू दे. तर कुठेच नाव नाही. सगळ्या मुली म्हणजे एकेक अक्षर. चार-पाच वाचल्या. सगळ्या मीच वाटल्या." त्या माझ्याकडे वळल्या. "हे ह्यांचं काम, होय ना? तूही होतीस?"

मी मान हलवली. ह्या वेळी कशाला हलवली ते मला माहीत होतं.

"तरीच पळत होतीस," त्या म्हणाल्या. एवढंच.

हे वाचतच होते. कॉमा. कॉमा. अक्कांनी मान एका बाजूला कलती केली, जसं लांबून येणारं गाणं ऐकतात. मधे एकदा त्यांनी डोळे मिटले. नेहा रडत होती, आवाज न करता. खोलीत तिघांना ते समजत होतं, एक मलाच नव्हतं. जन्मभर बोट फिरवलं त्या ओळींवरून, आणि त्यांत काय असतं ते कधी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं ठरलेलंच होतं.

"अक्का," मी म्हणाले. "काय म्हणतायत हे?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. थांबत थांबत सांगू लागल्या, ह्यांच्या एकेका वाक्यामागून.

"म्हणतायत, ह्या मुलीला सगळ्यांपुढे उभी करून नाही नाही ते विचारलं. दोन दिवस विचारलं. तरी ती आपल्या सांगण्यापासून हलली नाही." थांबल्या. "म्हणतायत, तिच्या बोलण्यात एकही शब्द जास्तीचा नाही. आणि..." नेहाने पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी हातानेच बाजूला सारला. "तिच्यावर विश्वास ठेवायला आम्हाला दुसऱ्या कुणाची साक्ष नको. फुलस्टॉप."

मग त्या हसल्या. मोठ्याने. खालच्या मजल्यावर नक्की गेलं असेल. "बघ गे. हे लिहून ठेवलं होतं त्या जज्जाने. आणि घरात मला काय सांगत होते? तू बोलूच नकोस."

हे मधेच थांबले होते. पान उलटल्यासारखी बोटं हवेत हलली आणि राहिली. पुढचं सापडत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत ती रोजची धुकट घाबरगुंडी यायला लागली.

"आई, पुरे," नेहा हळूच म्हणाली. "दमलेत ते."

अक्कांनी हात वर करून तिला गप्प केलं. खुर्ची ह्यांच्या जवळ ओढली. "सार," त्या ह्यांना म्हणाल्या, प्रेसमधली माणसं ‘सर’चं ‘सार’ करत तसं, अगदी अदबीने, "पुढचं राहू दे. पहिल्यापासून वाचता का?"

ह्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओळख नव्हतीच. पण काम सांगितल्यावर कामाला लागणारा माणूस होता तो. ताठ बसले, घसा साफ केला.

मी डबरे खाली ठेवले आणि अक्कांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी पदर सारखा केला, पाठ सरळ केली आणि आपलं नाव येण्याची वाट पाहू लागल्या.